डे केअर बघायला जायचे तर दुपारी अडीचला जा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२१ सप्टेंबरचा जागतिक अल्झायमर दिन जवळ आला की स्मृतिभ्रंशावर (डिमेन्शियावर) लेख येतात. लक्षणे असतात, शब्दकोडी सोडवण्याचा सल्ला असतो आणि शेवटी चौकटीत दोन-चार डे केअर केंद्रांचे पत्ते. पत्ता मिळाल्यावर त्या दारात उभे राहून नेमके काय बघायचे, हे कोणी लिहीत नाही. आम्ही काही परिचारिका, अटेंडंट आणि व्यवसायोपचार करणारे लोक याच कामात आहोत. आमच्यापैकी कोणाचे स्वतःचे केंद्र नाही. पत्र लांबले आहे. जागेअभावी कापावेच लागले तर पैशांचा मजकूर कापा, स्वच्छतागृहाचा कापू नका.

आधी एक घोटाळा दूर करायला हवा. महापालिकेचे विरंगुळा केंद्र आणि स्मृतिभ्रंशाचे डे केअर, म्हणजे रुग्णाला दिवसभर सांभाळून संध्याकाळी घरी सोडणारे केंद्र, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विरंगुळा केंद्रात पेपर असतात, कॅरम असतो, गप्पा असतात आणि फाटक उघडे असते. ज्यांना तारीख आठवत नाही, पण घरचा रस्ता आठवतो, त्यांना तिथे सोबत देऊन जरूर पाठवावे. पण एकदा रस्ता चुकला, कपड्यात लघवी होऊ लागली, किंवा 'माझे पैसे चोरले' हा धोशा सुरू झाला, की तिथली मंडळी आठ दिवसांत कंटाळतात आणि घरच्यांना निरोप येतो. त्यांची काही चूक नसते. ती जागा त्या कामासाठी नसतेच.

दुसरा प्रश्न वेळेचा. बहुतेक घरे डे केअरचा विचार करतात तेव्हा सून किंवा मुलगी मेटाकुटीला आलेली असते आणि वडील एकदा तरी हरवून सापडलेले असतात. तोवर आजार मधल्या टप्प्याच्याही पुढे गेलेला असतो. नवी जागा, नवे चेहरे, नवी खुर्ची अंगवळणी पडायला मेंदूत थोडी ताकद शिल्लक असावी लागते. माणूस एकाच्या आधाराने चालतो, बसून जेवतो, गाण्याला टाळी देतो, तेव्हाच सुरुवात केलेली बरी. 'आईला पाळणाघरात टाकली' असे टोमणे नातेवाइकांकडून येतील. टोमणे मारणाऱ्यांपैकी एकाला शनिवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा आईजवळ बसायला बोलवा.

आता केंद्र बघण्याविषयी. भेट दोनदा द्यायची. पहिली सांगून, सकाळी साडेदहाच्या सुमारास. तेव्हा प्रार्थना झालेली असते, खुर्चीतले व्यायाम चालू असतात, सगळे ताजेतवाने असतात आणि कोणतेही केंद्र त्या वेळी चांगलेच दिसते. दुसरी भेट न सांगता, दुपारी दोन ते साडेतीनच्या मध्ये. या वेळी जेवणे उरकलेली असतात, कर्मचारी पाळीपाळीने जेवायला जातात, आणि मागे राहिलेल्या एकाच्या भरवशावर बाराजण असतात का, हे तेव्हाच कळते. टीव्ही चालू आहे का, आणि त्यावर काय चालू आहे, तेही बघा. मालिकेतला आरडाओरडा किंवा बातम्यांमधली आग-दंगल या आजारात अनेकांना त्याच खोलीत घडते आहे असे वाटते. संध्याकाळी घरी येऊन आजी 'तिकडे मारामारी झाली' म्हणतात, त्याचे मूळ कधीकधी एवढेच असते. 'इतरांच्या खासगीपणासाठी आत सोडता येणार नाही, दारातून दहा मिनिटे बघा' असे केंद्राने म्हटले तर ते रास्त आहे. 'अपॉइंटमेंटशिवाय गेटच उघडत नाही' म्हटले तर पुढचा पत्ता घ्या.

त्या दुपारच्या भेटीत सरळ स्वच्छतागृह बघायला मागा. डे केअरचा सगळा कारभार तिथे कळतो. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे किंवा सरकते हवे; आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर दार उघडताच येत नाही. आतली कडी काढून टाकलेली किंवा बाहेरून उघडता येण्याजोगी हवी. रुंदी व्हीलचेअर जाईल इतकी, म्हणजे साधारण ऐंशी-नव्वद सेंटिमीटर. कमोडच्या दोन्ही बाजूंना आधाराचे दांडे असावेत आणि ते भिंतीत पक्के आहेत की नुसते स्क्रूवर लटकताहेत, हे स्वतः लोंबकळून बघावे. संकोच करू नये. पांढऱ्या टाइल्स, पांढरी भिंत आणि पांढरे कमोड असेल तर रुग्णाला बसायची जागाच ओळखू येत नाही. गडद रंगाची सीट बसवायला फारसा खर्च नाही, आणि तेवढ्याने बऱ्याच जणांचे कोपऱ्यात लघवी करणे थांबते. दारावर चित्र हवे, नुसती अक्षरे नकोत. जेट स्प्रेचे पाणी एकदम अंगावर आले की आजी दचकतात आणि पुन्हा आत जायला तयार होत नाहीत, म्हणून बादली आणि मग शेजारी असावा. जमीन कोरडी असावी. वासाचे म्हणाल तर फिनेलचा उग्र दर्प हे स्वच्छतेचे प्रमाणपत्र नव्हे. खुर्च्यांच्या गाद्यांना नाक जवळ नेऊन बघा, जुनी लघवी तिथे मुरलेली असते.

मग स्वच्छतागृहात नेल्याचा तक्ता मागा. चांगल्या केंद्रात प्रत्येकाला साधारण दर दोन तासांनी, आणि जेवणानंतर वीस-तीस मिनिटांनी, न विचारता नेले जाते. 'जायचंय का?' असे विचारले तर उत्तर 'नाही' येते आणि पाच मिनिटांत कपडे ओले होतात. 'चला, जरा हात धुऊन येऊ' म्हणत नेणारी मावशी हे काम जाणते. तक्त्यावर वेळ, काय झाले आणि कोणी नेले, एवढे तीन रकाने असले तरी पुरे. तक्ताच नसेल, किंवा आठवडाभराचा तक्ता एकाच पेनाने एका बैठकीत भरलेला दिसत असेल, तर समजून घ्या. आणखी एक खूण: ज्यांना अजून लघवीचा अंदाज येतो अशांनाही 'डायपर लावूनच पाठवा' अशी अट. केंद्राची सोय होते, पण वेळच्या वेळी कोणी नेईनासे झाले की काही आठवड्यांत माणसाची ती सवयच जाते आणि मग घरीसुद्धा डायपर सुटत नाही.

यात घरच्यांचेही काम आहे. पायजम्याची आणि परकराची नाडी काढून इलॅस्टिक घाला. नाडीची गाठ सुटेपर्यंत जो वेळ जातो त्यातच बहुतेक 'अपघात' होतात. जन्मभर साडी नेसलेल्या बाईंना गाऊन घालून बाहेर पाठवले तर त्या गाडीत बसायला नकार देतात, आणि तो नकार आजारामुळे नसतो. शिवलेली, इलॅस्टिकची साडी मिळते, ती चालते. सोन्याचे दागिने घरी काढून ठेवा. मंगळसूत्र काढू देत नसतील तर नुसते काळे मणी ओवून द्या. कवळी, चष्मा, कानाचे मशीन यांवर नाव हवे. डे केअरमध्ये सर्वांत जास्त अदलाबदल कवळीची होते, हे वाचताना हसू येईल, पण दुसऱ्याची कवळी बसवलेला माणूस जेवत नाही आणि का जेवत नाही ते सांगूही शकत नाही.

जमिनीकडेही एकदा खाली मान घालून बघावे. चकाकणारी फरशी ओली वाटते, म्हणून पाय उचलत नाहीत. काळे पायपुसणे खड्ड्यासारखे दिसते. दाराशी आल्यावर आजोबा अडून बसतात, कर्मचारी ओढतात आणि पडापड होते. खुर्चीला हात हवेत आणि बैठक गुडघ्याच्या उंचीला, सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर. खोल, मऊ सोफे किंवा पुढे टेबल अडकवून ठेवलेल्या खुर्च्या दिसल्या तर त्या आरामासाठी नसतात. उठता येऊ नये म्हणून असतात. ओढणीने बांधणे आणि हे यांत फरक फक्त दिसण्याचा आहे.

संख्येचा प्रश्न सगळे विचारतात, पण चुकीचा विचारतात. 'स्टाफ किती?' असे विचारले की स्वयंपाकीण, ड्रायव्हर आणि रिसेप्शनवरची मुलगी धरून आकडा सांगितला जातो. विचारायचे असे: दुपारी दीड वाजता हॉलमध्ये प्रत्यक्ष माणसांजवळ कितीजण असतात? सहा जणांमागे एक हे अमेरिकेतल्या डे केअर संघटनेचे किमान मानले जाणारे प्रमाण आहे, आणि आजार पुढे गेलेला असेल तर चार जणांमागे एक. आपल्याकडेही तेवढे असायला हरकत नाही, कारण एकाला स्वच्छतागृहात न्यायला एक अटेंडंट पंधरा मिनिटे गुंततो आणि तेवढ्यात बाकीच्यांकडे कोणी तरी लागतेच. पुढचा प्रश्न: सहा महिन्यांपूर्वी होत्या त्यांतल्या किती मावशी आज आहेत? दर महिन्याला आया-परिचारिका पुरवणाऱ्या ब्युरोकडून नवी बाई येत असेल तर कोणाला तिखट चालत नाही, कोण उजव्या बाजूला पडतो, हे कोणालाच माहीत नसते.

एवढे झाल्यावर प्रमुखांना एकच विचारा: 'आमचे वडील चिडले, हात उगारला, तर तुम्ही काय करता?' उत्तर कान देऊन ऐका. जाणकार माणूस आधी कारणे मोजू लागतो: लघवी तुंबली आहे का, शौचाला किती दिवस झाले नाही, कुठे दुखते आहे का, भूक, गोंगाट, ऊन, कोणी मागून येऊन हात धरला का. त्यातही दोन-तीन दिवसांत अचानक वाढलेला गोंधळ हा बहुधा स्मृतिभ्रंशाने वाढलेला नसतो. लघवीचा संसर्ग, ताप, शरीरातले पाणी कमी होणे किंवा नवे औषध यामुळे होतो आणि तो डॉक्टरकडे न्यायचा प्रसंग असतो. 'आम्ही एक गोळी देतो, मग शांत बसतात' हे उत्तर आले तर चहा न घेता निघा. ती गोळी बहुधा मनोविकारावरची (अँटिसायकोटिक) असते, आणि स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये ही औषधे पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढवतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच त्यांतल्या नव्या पिढीच्या औषधांच्या माहितीपत्रकावर मृत्यूच्या धोक्याचा ठळक इशारा छापायला लावला. कधीकधी ती द्यावी लागतात, पण ती तुमच्या डॉक्टरने लिहून, तुमच्या माहितीत, ठरावीक काळापुरती. रुग्णाला लेवी बॉडी प्रकारचा स्मृतिभ्रंश असेल, म्हणजे ज्यात लहान मुले किंवा प्राणी दिसल्याचे भास होतात, चाल अडखळते आणि हुशारी दिवसादिवसाला कमी-जास्त होते, तर हॅलोपेरिडॉलसारखे औषध फार महागात पडू शकते: अंग लाकडासारखे आखडते, शुद्ध हरपते. हे केंद्राच्या फाइलवर पहिल्या पानावर लाल अक्षरात लिहून द्या, तोंडी सांगू नका.

औषधे द्यायची ती मूळ स्ट्रिपमध्ये, डॉक्टरच्या चिठ्ठीच्या प्रतीसह. डबीत सुट्या गोळ्या पाठवल्या की कोणती सकाळची नि कोणती दुपारची हे तिथे कोणाला कळत नाही, आणि चूक झाली तरी सिद्ध होत नाही. मधुमेह असेल तर इन्सुलिन आणि नाश्ता यांची वेळ केंद्राच्या वेळापत्रकाशी जुळवा. घरी साडेसातला इन्सुलिन टोचले, गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली आणि केंद्रातला नाश्ता दहाला, असे झाले की साखर उतरते. घाम, थरथर आणि बरळणे दिसते, आणि ते 'आजचा मूड' म्हणून सोडून दिले जाते. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासायची. ग्लुकोमीटर कुठे आहे, असे विचारल्यावर कपाट उघडून लगेच कोणी दाखवू शकते का, हे बघा.

जेवणाच्या वेळेला एकदा तिथे असणे चांगले. पांढऱ्या थाळीत दहीभात वाढला तर तो दिसत नाही आणि चकचकीत स्टीलच्या ताटात दिव्याचे प्रतिबिंब हलते; रंगीत, एकरंगी थाळी असेल तर खाणे वाढते. एका वेळी एकच पदार्थ समोर ठेवला तर हात चालतो, चार वाट्या मांडल्या तर माणूस बघत बसतो. जेवताना खोकला येत असेल, पाणी पिताना ठसका लागत असेल, जेवणानंतर आवाज ओला, घरघरता येत असेल, तर गिळण्याची तपासणी करून घ्या. पाणी आणि चहा यांसारखे पातळ पदार्थ आधी त्रास देऊ लागतात. चिवडा, चुरमुरे, शेंगदाणे बंद. ताठ बसवून भरवायचे आणि नंतर अर्धा तास आडवे करायचे नाही. जेवण संपताच सगळ्यांना ओळीने गाद्यांवर निजवणारे केंद्र असेल तर हाच मुद्दा काढा.

दिवसभर काय करवतात, याबद्दल माहितीपत्रकात 'म्युझिक थेरपी, आर्ट थेरपी' असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात टेबलावर बालवाडीची रंगवायची पुस्तके दिसली तर ती थेरपी नव्हे. चाळीस वर्षे बँकेत हिशेब केलेल्या माणसाला बदकात पिवळा रंग भरायला दिला की तो चिडतो, आणि मग नोंदवहीत 'आक्रमक' अशी नोंद होते. हातांना येणारी जुनी कामे स्मृतिभ्रंशात बराच काळ टिकतात. वाती वळणे, मटार सोलणे, मेथी निवडणे, रुमालांच्या घड्या, सुटी नाणी वेगळी करणे. जुन्या शाळेतले पावकी-निमकीचे (पाव-अर्ध्याचे) पाढे अजून म्हणणारे आजोबा आहेत. पहिला आकडा सांगितला की पुढचे धडधडत येतात. अभंग आणि श्लोकांचेही तसेच. केंद्राने प्रवेशाच्या वेळी तुमच्याकडून माणसाचा धंदा, गाव, सणवार, आवड, भीती असे सगळे विचारून लिहून घेतले का, यावरून पुढे काय होणार ते कळते. फोनवर आगाऊ पैसे घेऊन 'सोमवारपासून पाठवा' म्हणणाऱ्यांनी माणूस घेतलेला नसतो, जागा भरलेली असते.

हाक कशी मारतात, हेही क्षुल्लक नाही. निवृत्त मुख्याध्यापक 'सर' म्हटल्यावर मान वळवतात. 'बाबा, चला' म्हटले तर ढिम्म हलत नाहीत. कोणी 'काकू'ला ओ देते, कोणी फक्त 'माई'ला. आणि भाषा: नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते आणि माणूस घरच्या बोलीवर येतो. मुंबईत अटेंडंट हिंदी बोलणारे, आजी मालवणी बोलणाऱ्या, असे झाले की 'पोटात दुखतंय' हे सांगायचे राहून जाते. एक तरी माणूस बोली समजणारा हवा. नसेल तर दुखणे, तहान, लघवी, भीती यांसाठी आजी वापरतात ते आठ-दहा शब्द लिहून भिंतीवर लावायला द्या.

गाडी हा निम्मा निर्णय आहे, पण तिच्याकडे शेवटी लक्ष जाते. केंद्र चांगले, पण सिंहगड रस्त्यावरून खराडीला रोज सव्वा तास, म्हणजे पोचेपर्यंत माणूस ओला, भुकेलेला आणि भांडायच्या तयारीत. एका बाजूचा प्रवास पाऊण तासाच्या आत ठेवा. त्यासाठी थोडे डावे केंद्र घेतले तरी चालेल. गाडीत ड्रायव्हरखेरीज अटेंडंट हवाच, मागच्या दारांना चाइल्ड लॉक हवे. पहिला कोणाला घेतात हे विचारा, कारण पहिला चढणारा सर्वांत जास्त वेळ बसतो. परत सोडताना सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे नव्हे, घराच्या दारात, ठरलेल्या माणसाच्या हातात. घरी कोणी नसेल तर गाडी काय करते, याचे उत्तर लेखी घ्या.

परतीच्या वेळेचेही एक गणित आहे. दिवस कलू लागला की अनेकांची घालमेल वाढते: येरझाऱ्या, 'मला घरी जायचंय', आईला हाका. ही वेळ नेमकी केंद्रातल्या निघण्याच्या गडबडीशी गाठ घालते. एकाची पिशवी उचललेली दिसली की सगळे दाराकडे धावतात. जाणती केंद्रे पिशव्या नजरेआड ठेवतात, साडेचारलाच दिवे लावतात, निघणाऱ्यांना बाजूच्या दाराने एकेक नेतात आणि उरलेल्यांना चहा आणि काही तरी हातात देऊन बसवतात. दाराला कुलूप मात्र नको. आग लागली तर किल्ली कोणाच्या खिशात आहे, हे शोधत बसायला वेळ नसतो. उंचावर लावलेली कडी आणि दार उघडताच वाजणारी घंटा पुरते. सोबत गळ्यात किंवा कपड्याला आतून शिवलेले नाव आणि फोन हवेच. नुसता खिशातला कागद दुसऱ्या दिवशी धुण्यात जातो.

पैशांबद्दल थोडक्यात. महिन्याचा आकडा ऐकून तुलना करू नका. गाडी, जेवण, डायपर, फिजिओथेरपी वेगळी का, गैरहजर दिवसांचे पैसे कापतात का, दिवाळीत केंद्र किती दिवस बंद, उशिरा नेल्यास दंड किती, अनामत परत मिळायची अट काय, हे सगळे मांडून एका प्रत्यक्ष तासाला किती पडतात ते काढा. मग तो आकडा घरी ठेवलेल्या ब्युरोच्या बाईशी ताडा. जुन्या करप्रणालीत विवरणपत्र भरणाऱ्यांना ठरावीक आजारांच्या उपचारखर्चावर आयकरात वजावट मिळते. त्या आजारांच्या यादीत चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेला स्मृतिभ्रंश येतो. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरची लेखी चिठ्ठी लागते. डे केअरच्या बिलातला कोणता भाग उपचारात धरता येईल, हे सीएला विचारून बिल तसे वेगवेगळे करून मागा.

केंद्र ठरल्यावर पहिला महिना घरच्यांची परीक्षा असते. आठवड्यातून एकच दिवस पाठवणे हा सर्वांत वाईट सुरुवातीचा मार्ग. दर वेळी सगळे नवे वाटते आणि दर वेळी रडारड होते. आठवड्यातून निदान तीन दिवस, शक्यतो लागून, असे चार ते सहा आठवडे तरी द्यावेत. जागेचे नाव लक्षात राहत नाही, पण तिथे बरे वाटते, ही जाणीव रुजते. पहिले दोन-तीन दिवस दोन-तीन तासच ठेवा आणि जेवणाच्या आधी घरी आणा. चार दिवस आधीपासून 'सोमवारपासून तुला तिकडे जायचंय' असे सांगू नका, त्याची नुसती धास्ती राहते. निघताना 'आई, तिथे वाती करायच्या आहेत, बायका कमी पडतायत' म्हटले तर पाय निघतो. सोडल्यावर निरोपाची लांबण लावू नये. दारात उभे राहून खिडकीतून डोकावणारा मुलगा दिसला की पुढचा तास गेलाच.

या काळात केंद्रात काय चालले आहे ते बघायचे तर आईला 'कसं वाटलं?' विचारून उपयोग नाही. 'कोणी जेवायलाच दिलं नाही' हे उत्तर पोटभर जेवूनही येते. त्याऐवजी खुणा बघा. सकाळी लावलेल्या डायपरच्या कडेला बॉलपेनने बारीक रेघ मारा. संध्याकाळी तीच रेघ परत आली तर दिवसभरात बदललेला नाही. मनगटावर किंवा दंडावर बोटांच्या ठशांसारखे काळेनिळे डाग दिसले तर त्याच दिवशी फोटो काढून विचारा. घरी आल्यावर घटाघटा पाणी पितात का, रोज गाडीतच गाढ झोपून येतात आणि रात्री आठपर्यंत जागे होत नाहीत का? झोपेचे औषध दिले जात असल्याची शंका तिथेच घ्यावी. महिन्याला एकदा एकाच काट्यावर वजन करा. आणि एक उलटी खूणही आहे: रविवारी सकाळी आजोबा चप्पल घालून दाराशी बसले, तर केंद्र बरे आहे.

या सगळ्यात एक मोठी अडचण अशी की हे बहुतेक पुण्या-मुंबईपुरते लिहिले आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्क्यांना, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसांना स्मृतिभ्रंश आहे आणि प्रमाण शहरांपेक्षा ग्रामीण भागात जास्त आहे. केंद्रे मात्र शहरांत आहेत. केरळ सरकारने २०१४ पासून अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटीच्या साथीने हे काम हाती घेतले. आपल्याकडे महापालिका-नगरपालिकांची विरंगुळा केंद्रे दुपारी बरीचशी रिकामी असतात. आठवड्यातल्या तीन दुपारी, दहा जणांसाठी, तीन प्रशिक्षित मावश्या, एक परिचारिका आणि दांडे बसवलेले एक स्वच्छतागृह, एवढ्यावर तालुक्याच्या गावीही सुरुवात होऊ शकते. इमारत आहे, वीज आहे. दांड्यांचे आणि पगाराचे पैसे हवेत. ज्येष्ठ नागरिक संघांनी पुढच्या अर्थसंकल्पाआधी वॉर्ड कार्यालयाला एवढीच मागणी लेखी द्यावी. सहली आणि हळदीकुंकवासाठी तरतूद निघते, तशी हीही निघेल.

तोवर जिथे केंद्र नाही तिथे वरच्या बहुतेक गोष्टी घरी येणाऱ्या बाईलाही लागू पडतात: दोन तासांचा तक्ता, रंगीत थाळी, सीटचा रंग, नाडी. तातडीच्या वैद्यकीय मदतीला १०८, वृद्धांविषयी माहिती-तक्रारीसाठी १४५६७, हे दोन आकडे फ्रीजवर लावलेले असू द्यावेत.

प्रवेश घेतानाच आणखी एक गोष्ट लेखी मागून घ्यावी: माणूस कोणत्या अवस्थेत गेला की केंद्र त्याला ठेवणार नाही. उचलायला दोन माणसे लागू लागली, नाकातून नळी आली, इतरांना इजा होऊ लागली, अशी कारणे असतात आणि ती योग्यही असतात. 'आम्ही कोणालाच नाही म्हणत नाही' असे सांगणाऱ्या केंद्राने ती वेळ आल्यावर काय करायचे याचा विचारच केलेला नसतो. निदान महिनाभराची पूर्वसूचना मिळेल, असे त्या कागदावर असावे, म्हणजे तेवढ्यात घरी अटेंडंट, खाट आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी, यांची व्यवस्था करता येते.

कळावे,
आपले,
स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या देखभालीत काम करणारे काहीजण, पुणे